मुळा, रक्त आणि पाषाणातलं लोखंड

डोळ्यांना न दिसणारं रक्त शौचातून जातंय का, हे पाहण्याची एक जुनी चाचणी आहे. आता तिची जागा नव्या चाचण्या घेत आहेत, पण तिच्यासोबत मिळणारं सूचनापत्रक मला फार आवडतं. आधीचे काही दिवस मटण खाऊ नका, असं त्यात असतं. ते समजतं, मटणात रक्त असतं. पुढची सूचना मात्र बुचकळ्यात टाकते : कच्चा मुळा खाऊ नका. सलगम नको, फ्लॉवरही नको. मुळ्याची कोशिंबीर पोटात गेली असेल, तर चाचणीचा कागद निळा होऊ शकतो आणि डॉक्टरांना वाटेल की आतड्यात कुठेतरी रक्तस्राव होतोय.

आता मुळ्यात रक्त कुठून आलं?

मुळ्यात रक्त नसतं. पण रक्ताला जे काम जमतं, ते मुळ्यालाही जमतं. या चाचणीच्या कागदात ग्वायकम नावाच्या झाडाचा डिंक मुरवलेला असतो. त्यावर नमुना लावायचा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकायचे. जखमेवर टाकल्यावर फसफसतं तेच हे औषध. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू जादा आणि अस्वस्थ असतो. तो सोडवून डिंकाला भिडवणारं कुणी नमुन्यात असेल, तर डिंक निळा होतो. रक्त आणि मुळा या दोघांत ते ‘कुणी’ एकच आहे : लोखंडाचा एक अणू, चार नायट्रोजन अणूंच्या चौकटीत बसवलेला. या बैठकीला हीम म्हणतात. चाचणीला रक्त दिसत नाही, मुळाही दिसत नाही. तिला दिसतं ते कामाला लागलेलं लोखंड.

फरक एवढाच की रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा धंदा नव्हे. त्याची नोकरी ऑक्सिजन वाहून नेण्याची. पेरॉक्साइड समोर आलं तर ते हौसेनं हेही करून दाखवतं. मुळ्यातला पेरॉक्सिडेज मात्र पोटापाण्यासाठी हेच काम करतो. तो विकर आहे, म्हणजे एन्झाइम. पेरॉक्साइड फोडणं आणि त्या जोरावर दुसऱ्या रेणूंचे इलेक्ट्रॉन काढून घेणं, हाच त्याचा व्यवसाय.

या व्यवसायातला जगातला सर्वांत नावाजलेला कारागीर मुळ्याच्या एका युरोपीय भाऊबंदाकडे आहे. त्याचं नाव हॉर्सरॅडिश. नावात रॅडिश असलं तरी हा आपला मुळा नव्हे. मोहरीच्या कुळातलीच, नाकात झणझणणारी ही पांढरी मुळी युरोपात किसून मांसाबरोबर खातात. (इंग्रजांना हिंदुस्थानात ती मिळेना, तेव्हा शेवग्याच्या मुळीची चव त्यांना तिच्यासारखी वाटली. म्हणून आपल्या शेवग्याला इंग्रजीत आजही ‘हॉर्सरॅडिशचं झाड’ असं एक नाव आहे. शेंगांची आमटी ओरपताना हे कुणाच्या मनात येणार!) या मुळीतून काढलेला पेरॉक्सिडेज आपल्याकडच्या असंख्य पॅथॉलॉजी लॅबच्या फ्रिजमध्ये असतो. घरातला एखादा जुना साखरेचा रिपोर्ट काढून बघा. आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘गॉड-पॉड’ छापलेलं सापडेल. यात देवाचा काही संबंध नाही. गॉड म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज, पॉड म्हणजे पेरॉक्सिडेज. पहिलं विकर रक्तातल्या साखरेपासून पेरॉक्साइड बनवतं, दुसरं त्या पेरॉक्साइडच्या जोरावर रंग आणतं. जितका रंग गडद, तितकी साखर जास्त.

हॉर्सरॅडिशच्या या विकराची रचना पाहिली की मला वाडा आठवतो. त्याचं वजन सुमारे ४४,००० एकक, म्हणजे हायड्रोजनच्या ४४,००० अणूंइतकं. त्यातलं लोखंड फक्त ५६. हजारात सव्वा भाग! बाकी सगळं प्रथिनाच्या साखळीचं आणि तिला लटकलेल्या शर्करांचं बांधकाम. चौसोपी वाडा असावा, सोपे, ओसऱ्या, माजघर सगळं असावं, आणि मधल्या चौकात एकच तुळशीवृंदावन असावं, तसं आत खोलवर ते हीम असतं. पेरॉक्साइडचा रेणू एका अरुंद बोळातून चौकात येतो. तिथे वाड्याचीच दोन माणसं, म्हणजे प्रथिनातले दोन घटक, त्याला अचूक धरतात. ऑक्सिजन-ऑक्सिजनमधली जोडी तुटते, एक भाग पाणी होऊन निघून जातो आणि उरलेला ऑक्सिजन लोखंडाला चिकटतो. आता लोखंड इलेक्ट्रॉनांसाठी इतकं हपापलेलं असतं की दारात येणाऱ्या रंगद्रव्याकडून एक इलेक्ट्रॉन ओढतं, मग दुसऱ्याकडून आणखी एक. तेव्हा कुठे ते शांत होतं आणि पुढच्या पेरॉक्साइडची वाट पाहतं. हे एक आवर्तन. सेकंदाला अशी हजारो होऊ शकतात.

ज्याचा इलेक्ट्रॉन जातो, तो रेणू रंगतो. लॅबमधला लाडका रेणू म्हणजे टीएमबी. मूळचा बिनरंगी, एक इलेक्ट्रॉन गमावला की सुरेख निळा, आणि वरून आम्ल टाकलं की हळदीसारखा पिवळा.

एवढं कळल्यावर कुठल्याही रसायनशास्त्रज्ञाच्या मनात येणार तेच येतं. काम जर लोखंडाचं, तर वाडा हवाच कशाला?

नुसतं लोखंड घेऊन पाहिलेलं आहे. इंग्लंडमधल्या हेन्री फेंटननं १८९४ मध्ये लोखंडाचा क्षार आणि पेरॉक्साइड एकत्र केल्यावर काय होतं, ते मांडलं. जे होतं ते जबरदस्त असतं, पण त्याला शिस्त नसते. त्यातून सुटणारे हायड्रॉक्सिल कण समोर येईल त्याच्यावर तुटून पडतात, मग तो रंग असो, प्रथिन असो की डीएनए. बरं, नुसतं हीम पाण्यात सोडावं, तर त्याचे रेणू एकमेकांना चिकटून थर लावतात, आणि पेरॉक्साइड हीमची चौकटच खाऊन टाकतं. म्हणजे वाडा शोभेचा नव्हता. लोखंडाला आवरणं आणि लोखंडापासून स्वतःला वाचवणं, ही दोन्ही कामं तो करत होता. पण त्यासाठी ४४,००० वजनाचा वाडाच पाहिजे का? एखादी भक्कम खोली नाही चालणार?

ही खोली बांधण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे टेरेन्स कॉलिन्स. मूळचा न्यूझीलंडचा, कर्मभूमी अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन विद्यापीठ. त्याची रीत मला एखाद्या हट्टी गवंड्यासारखी वाटते. लोखंडाभोवती कडं बांधायचं, त्यावर पेरॉक्साइड सोडायचं, कडं कुठे फुटतं ते बघायचं, तो दुवा काढून तिथे मजबूत दुवा घालायचा, आणि परत पेरॉक्साइड सोडायचं. अशा वर्षानुवर्षांच्या फोडाफोडीतून टॅमल नावाचं कडं तयार झालं. त्यातही हीमसारखेच चार नायट्रोजन चौकोनात बसलेले आहेत, पण ते अमाइड प्रकारच्या बंधांतले, म्हणजे प्रथिनांच्या साखळीत असतात त्याच जातीच्या. मध्ये लोखंड. हा सगळा रेणू विकराच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतका. कॉलिन्सनं तो मुख्यतः सांडपाण्यातली रंगद्रव्यं आणि विषारी द्रव्यं पेरॉक्साइडनं जाळण्यासाठी वापरला.

दरम्यान २००७ मध्ये बीजिंगहून एक गंमतशीर बातमी आली. शरीरातल्या, नमुन्यातल्या गोष्टी चुंबकानं ओढून घेण्यासाठी लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तेव्हा सर्रास वापरले जात होते. ते बापडे हमाल. त्यांच्या पाठीवर विकर, प्रतिपिंड, काय हवं ते लादायचं. चायनीज अकॅडमी ऑफ सायन्सेसमधल्या यान शीयुन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पाठीवर काहीही नसताना हे कण स्वतःच पेरॉक्सिडेजचं काम करतात. पेरॉक्साइड आणि टीएमबी दिलं की निळे! मॅग्नेटाइट, म्हणजे साधा चुंबकी दगड, आणि तो विकराची नक्कल करतोय. त्यानंतर अशा नकलाकार कणांचा सुळसुळाट झाला. सोनं, सेरियम, मँगनीज, ज्याला हात लावावा तो धातू काही ना काही करून दाखवू लागला. त्यांना नॅनोझाइम म्हणतात. हा शब्द त्याआधी, २००४ मध्ये, इटलीतल्या शास्त्रज्ञांनी सोन्याच्या कणांवर जस्ताची संयुगं बसवून केलेल्या एका प्रयोगासाठी घडवला होता.

पण नक्कल करायचीच कशासाठी? मुळी आहे, विकर आहे, रंग येतोय. यात अडलं कुठे?

अडतं ते मोजणीत, आणि इथे जरा आकडेमोड करावी लागेल. रक्तात साखर उदंड असते, त्यामुळे ती शोधणं सोपं. पण हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं ट्रोपोनिन घ्या. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाचं हेच मोजतात. त्याच्या एका प्रकारासाठी, ट्रोपोनिन-टीसाठी, धोक्याची रेषा लिटरमागे १४ नॅनोग्रॅमवर आखलेली आहे. रेणूंच्या भाषेत सांगायचं, तर त्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसाच्या रक्तात ट्रोपोनिनच्या एका रेणूमागे ग्लुकोजचे हजार कोटींहून जास्त रेणू असतात. सगळ्या पृथ्वीवर माणसं आहेत आठशे कोटींच्या आसपास. तेव्हा एवढ्या गर्दीतून एकच माणूस हुडकायचा, आणि तोही वेळेत.

हुडकण्याचं काम प्रतिपिंडांचं. प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी. एलायझा नावाची जी चाचणी आपण एचआयव्हीच्या, डेंग्यूच्या निमित्तानं ऐकलेली असते, तिच्यात प्लास्टिकच्या बारीक खळग्याच्या तळाशी एक प्रतिपिंड चिकटवलेलं असतं. ते हवं ते प्रथिन पकडून ठेवतं. मग दुसरं प्रतिपिंड येऊन त्याच प्रथिनाला वरून धरतं. या दुसऱ्याच्या अंगावर पेरॉक्सिडेज बांधलेला असतो. पकडणारा जागल्या वेगळा आणि दवंडी पिटणारा वेगळा. १९७१ मध्ये स्टॉकहोमला एव्हा एंगवॉल आणि पीटर पर्लमन यांनी, आणि स्वतंत्रपणे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी, ही युक्ती मांडली. डच मंडळींच्या दवंडीवाल्याचं काम हॉर्सरॅडिशच्या विकराकडे होतं, आणि तो अजून त्या कामावर आहे. कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं ‘कवच’ नावाची एलायझा तयार केली. तिच्या शेवटच्या पायरीवरही हेच मुळीतलं विकर होतं.

आता समजा, खळग्यातल्या थेंबात आपल्याला हवं ते प्रथिन एक फेम्टोमोलर आहे. हा शब्द भयंकर वाटतो, पण त्याचा अर्थ असा की मिलिलिटरच्या दहाव्या हिश्श्यात त्याचे साधारण साठ हजार रेणू आहेत. साठ हजार म्हणजे खूप वाटतात ना? पण डोळ्याला निळी छटा जाणवायला त्याच खळग्यात रंगाचे सुमारे शंभर लाख कोटी रेणू लागतात. म्हणजे पकडलेल्या प्रत्येक रेणूमागे दीडशे कोटींच्या वर रंगीत रेणू तयार व्हायला हवेत. विकरानं सेकंदाला हजार केले आणि आपण अर्धा तास थांबलो, तर होतात अठरा लाख. हिशेब ढोबळ आहे. पण कितीही सैल धरला तरी दवंडीचा आवाज हजारेक पटींनी कमी पडतो.

हे हजार लक्षात ठेवा. आता आपण पुण्यात, पाषाणला जाऊ.

पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पुणेकरांच्या एनसीएलमध्ये, सायम सेन गुप्ता यांच्या गटानं कॉलिन्सच्या कड्यात एक फेरफार केला. कड्याच्या शेपटाकडचा तुकडा बदलून तिथे बाययुरेट नावाचा गट बसवला. या नव्या संयुगाची पेरॉक्सिडेज म्हणून गती जवळपास खऱ्या विकराइतकी निघाली. शिवाय आम्लता किंवा क्षारांचं प्रमाण बदललं, की खरं विकर जिथे कोमेजतं तिथे हे टिकून राहत होतं. एवढंसं कडं आणि वाड्याची बरोबरी! पण बरोबरीनं भागणार नव्हतं. हवी होती हजारपट.

२०१४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली युक्ती साधी आहे आणि म्हणूनच मला ती देखणी वाटते. दवंडीवाल्याचा आवाज वाढत नसेल, तर एका जागल्यामागे दवंडीवाल्यांची पलटण उभी करा. त्यांनी सिलिकाची, म्हणजे वाळू ज्याची असते त्याच द्रव्याची, एक गोळी घेतली. व्यास चाळीस नॅनोमीटर. केसाच्या जाडीत अशा दोनेक हजार गोळ्या शेजारी शेजारी मावतील. ही गोळी भरीव नसते. मधाच्या पोळ्यासारखी आरपार छिद्रांनी भरलेली असते. त्या छिद्रांच्या आतल्या भिंतींवर लोखंडाची ती कडी रासायनिक बंधानं पक्की जोडली. जोडणीसाठी प्रत्येक कड्याला अल्काइन नावाच्या रासायनिक गटाचा आकडा लावलेला होता. एका गोळीत किती कडी बसली? सुमारे पंचवीस हजार. पाषाणातल्या पाषाणात लोखंडाची ही पलटण! मग गोळीच्या बाहेरच्या अंगाला प्रतिपिंड बांधलं.

या गोळीची क्षमता नैसर्गिक विकराच्या सुमारे हजारपट भरली. तोवरच्या बहुतेक धातुकणांच्या नकलांपेक्षा शंभरपट. आणि फेम्टोमोलर पातळीचं प्रथिन, कुठलंही महागडं यंत्र मध्ये न आणता, रंगावरून नुसतं ओळखताच नव्हे तर मोजताही आलं.

इथे जरा थांबून नाकानं कांदे सोलतो. पंचवीस हजार कडी मिळून हजार विकरांचं काम करतात, म्हणजे गोळीतल्या एकेका कड्याच्या वाट्याला विकराच्या पंचविसाव्या हिश्श्याचं काम येतं. हे कमी का? तर छिद्रं अरुंद, आत गर्दी, रंगद्रव्याला आत जायचं आणि निळं होऊन बाहेर पडायचं. चाळीतल्या जिन्यावर सकाळी नळाला पाणी आल्यावर होतं, तसंच काहीसं तिथे होत असणार. पण खरा मुद्दा जागेचा आहे. विकराचे पंचवीस हजार वाडे त्या गोळीत कधीच मावले नसते. खोली लहान केल्याचा फायदा इथे वसूल होतो. एकेक कडं मंद असलं, म्हणून बिघडत नाही.

म्हणून हॉर्सरॅडिशची शेती बंद होईल, असं मात्र कुणी समजू नये. मुळीतलं विकर स्वस्त आहे, अर्ध्या शतकाचा अनुभव त्याच्या पाठीशी आहे आणि किट बनवणाऱ्यांना त्याच्या खोड्या पाठ आहेत. (उदाहरणार्थ, द्रावण टिकावं म्हणून लॅबमध्ये सोडियम अझाइड घालायची सवय असते. तेच द्रावण चुकून या विकरात गेलं, की लोखंड जागच्या जागी गप्प होतं आणि दिवसाची मेहनत वाया जाते. नव्या मुलांकडून हे एकदा तरी होतंच.) शिवाय दवंडी हजारपट मोठी केली, की चुकीची दवंडीही हजारपट मोठी होते. एखादी गोळी प्रथिनाला न धरता नुसतीच खळग्याच्या भिंतीला चिकटून राहिली, तर तीसुद्धा तितक्याच उत्साहानं निळा रंग उधळणार. विकराची एखादी चुकार प्रत दुर्लक्षित राहू शकते, ही गोळी राहू देत नाही. पुण्याच्या प्रयोगात हवं ते प्रथिन ओळखता आलं. हे महत्त्वाचं आहेच. पण रुग्णाच्या दंडातून काढलेलं रक्त हे त्याहून फार खट्याळ प्रकरण असतं.

आणि रक्ताचा विषय निघाला, की आपण फिरून मुळ्यापाशी येतो. तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं. सुई नीट लागली नाही, सिरिंज जोरात ओढली, नमुना उन्हात राहिला, तर काही पेशी फुटतात आणि वरचं पिवळसर पाणी गुलाबी दिसू लागतं. हजारातली एक पेशी फुटली, तरी त्या पाण्यात उतरणारं हीम आपण शोधत असलेल्या फेम्टोमोलर प्रथिनाच्या हजार कोटींहून जास्त पट असतं. ते हौशी लोखंड तिथे पेरॉक्साइडची वाट बघत तयारच असतं. पिट्सबर्गला कडं घडलं, पाषाणला गोळी भरली, पण रुग्णाचं स्वतःचं लोखंड खळग्यातून आधी बाहेर काढल्याशिवाय या सगळ्याचा रंग वाचता येत नाही.

त्यामुळे एलायझाच्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा आवाज कुठल्याही यंत्राचा नसतो. तंत्रज्ञ खळगे धुण्याच्या द्रावणानं भरतो, ओततो, पुन्हा भरतो, पुन्हा ओततो. चार वेळा, पाच वेळा. आणि दर खेपेला ती शहाण्णव खळग्यांची प्लेट उलटी करून टिपकागदाच्या चवडीवर आपटतो. थप, थप, थप. कागदावर ओल्या ठिपक्यांची रांगोळी उमटते. शेवटी कागद कोरडा राहू लागला, की मग तो टीएमबीची बाटली उघडतो.